इसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड: आईची तपासणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५८ वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. महिन्यातून एक-दोनदा बसल्या जागी एकदम धडधड सुरू होते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तशीच एकदम थांबते. इसीजी आणि टूडी इको नॉर्मल आले. एक डॉक्टर टेन्शन आणि गॅस म्हणाले, दुसऱ्यांनी अँजिओग्राफी सुचवली, तिसरे म्हणाले सरळ ॲब्लेशन, म्हणजे धडधडीची जादा वाट तापवून बंद करण्याची प्रक्रिया, करून घ्या.

आईला नेमकं काय होतंय याचा कागदावरचा पुरावा या तिघांपैकी कोणाकडेच नाही. साधा इसीजी हृदयाची जेमतेम दहा सेकंदं टिपतो आणि तो धडधड थांबल्यावर काढलेला आहे. त्यातून हृदय आत्ता ठीक चाललंय एवढंच कळतं. ठोक्यांच्या आजारात सगळे उपचार एका गोष्टीवर ठरतात: त्रास चालू असतानाची नोंद. ती हातात येईपर्यंत गोळ्या, अँजिओग्राफी, ॲब्लेशन हे सगळं अंदाजाने चाललेलं असतं. म्हणून आत्ता सगळा जोर ती नोंद मिळवण्यावर लावा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल पीएसव्हीटीकडे, म्हणजे एकदम सुरू होऊन एकदम थांबणाऱ्या जलद ठोक्यांच्या आजाराकडे जातो. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीत, म्हणजे एव्ही नोडमध्ये, काही जणांना जन्मतःच दोन वाटा असतात. एखादा अवेळी आलेला ठोका एका वाटेने खाली जातो, दुसरीने वर परततो आणि गोल गोल फिरत राहतो. नाडी मिनिटाला १५० ते २००, पण घड्याळासारखी एकसारखी. गळ्यात ठोके उडताना जाणवतात, आणि धडधड थांबल्यावर पुष्कळांना भरपूर लघवी होते. आईला ही दोन लक्षणं आहेत का, ते आधी विचारा. घाबरल्यामुळे होणारी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते, बटण दाबल्यासारखी सुरू-बंद होत नाही.

पण वय आणि बीपी-शुगर पाहता दुसरी शक्यता सोडून चालणार नाही, ती ॲट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे एएफची. यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्यांच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. पीएसव्हीटी त्रासदायक असली तरी सहसा जिवावर बेतत नाही. एएफ मात्र ओळखायचा राहून गेला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. दोन्हींच्या उपचारांची दिशा वेगळी आहे.

पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की आधी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी बघा. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठोके समान अंतराने पडतात की कसेही, ते पाहा. शंका असेल तर दुसऱ्या हाताने टेबलावर तोच ताल वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. याचा डॉक्टरांना खरोखर उपयोग होतो. नंतर ग्लुकोमीटरने शुगर बघा. शुगरच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर उतरल्यानेही धडधड, घाम आणि थरथर होते. ७० च्या खाली आकडा आला तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बीपीचं डिजिटल मशीन अशा वेळी चुकीचे आकडे दाखवू शकतं, त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नका. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण उमटली तर मात्र ती वेळेसह लिहून ठेवा.

आता इसीजी. वीस मिनिटांचा झटका आणि घोडबंदरची वाहतूक यांचं जमत नाही. माजिवड्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत ठोके जागेवर आलेले असतात आणि हातात पुन्हा नॉर्मल इसीजी पडतो. त्यामुळे घराजवळच्या कोणत्या दवाखान्यात इसीजी मशीन आहे आणि ते किती वाजेपर्यंत उघडे असतात, हे आजच चौकशी करून ठेवा. तिथे पोहोचल्यावर केस पेपरच्या आधी इसीजी काढायची विनंती करा. १२ लीडचा इसीजी आणि सोबत एक लांब पट्टी मागा. निघालेल्या कागदाचा लगेच फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची रेघ काही महिन्यांत फिकट होते. अशा फिकट झालेल्या पट्टीवरून निदान करणं तज्ज्ञालाही जड जातं.

रेकॉर्डर निवडताना झटके किती वेळा येतात ते बघतात. रोज त्रास होत असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सलग इसीजी टिपणारं यंत्र, पुरतो. आईला महिन्यातून एक-दोनदाच होतं, तेव्हा २४ तासांचा होल्टर बहुधा रिकामा येईल आणि 'होल्टर नॉर्मल' असा आणखी एक कागद फायलीत जमा होईल. तिच्यासाठी ७ ते १४ दिवस छातीवर चिकटवून ठेवायचा, सलग इसीजी टिपणारा पॅच जास्त योग्य. तोही रिकामा आला तर ३० सेकंदांचा इसीजी काढणारं घड्याळ किंवा दोन अंगठे ठेवायचं छोटं यंत्र घरात ठेवा. घड्याळ घेताना ते इसीजी काढतं की नुसता हिरव्या दिव्याने नाडी मोजतं, हे पाहून घ्या. निदानाला इसीजीच लागतो. झटक्यात हात मांडीवर स्थिर ठेवायचा, बोलायचं नाही, एकामागून एक तीन-चार नोंदी काढायच्या आणि पीडीएफ जपून ठेवायच्या. घड्याळाने स्वतः दिलेल्या निष्कर्षापेक्षा त्यातली रेघ डॉक्टरांच्या कामाची असते.

होल्टर किंवा पॅच लावायचाच झाला, तर बिघडतं ते असं. ठाण्याच्या दमट हवेत घामाने इलेक्ट्रोड सुटतात. लावण्याआधी छातीवर तेल, पावडर, क्रीम काही नको, त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करून घ्यायची. मंगळसूत्र किंवा लांब साखळी इलेक्ट्रोडवर घासत राहिली की रेघेवर खरखर येते आणि कधी कधी ती धोकादायक ठोक्यांसारखी दिसते. तेवढे दिवस ते काढून ठेवलेलं बरं. नुसतं पडून राहायचं नाही. जिना चढणं, स्वयंपाक, बाजार, सगळं नेहमीसारखं चालू द्या. धडधड झाली की बटण दाबायचं आणि वेळ लिहायची. रिपोर्ट घेताना त्या वेळेची पट्टी मागून घ्या. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. त्यात शे-दोनशे जादा ठोके दिसले म्हणून घाबरू नका. खालच्या कप्प्यातले जादा ठोके १० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या पुढे गेले, तर हृदयाची ताकद कमी होतेय का यावर लक्ष ठेवावं लागतं.

सोबत रक्ताच्या थोड्या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. थायरॉइड वाढलेला असेल तर तो आधी ताब्यात आणावा लागतो. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. ते लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. त्यात हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा जुलाब झाले की ठोके बिघडायला निमित्त मिळतं. पण म्हणून मनानेच नारळपाणी आणि पोटॅशियमची सिरप सुरू करू नका. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम उलट वाढतं, आणि तेही तेवढंच धोक्याचं.

अँजिओग्राफीबद्दल माझं स्पष्ट मत असं की फक्त धडधडीसाठी ती पहिली तपासणी नाही. ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे दाखवते, ठोक्यांची वायरिंग दाखवत नाही. चालताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल किंवा इको-स्ट्रेस टेस्टमध्ये दोष असेल तर तिचा विचार वेगळा.

पीएसव्हीटी असेल तर घरी करता येण्याजोगा एक उपाय आहे, त्याची पद्धत मात्र नीट शिकून घ्यावी लागते. आईला पाठीला उशा देऊन तिरकं बसवा. १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडात, दट्ट्या जरासा हलेल इतक्या जोराने, १५ सेकंद फुंकायला सांगा. फुंकणं संपताक्षणी तिला सपाट झोपवा आणि दोन्ही पाय ४५ अंशांवर १५ सेकंद उचलून धरा. मग पुन्हा तिरकं बसवा आणि पाऊण मिनिट थांबा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत पाय उचलण्याच्या या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के. मधुमेहामुळे आईच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर हा जोर लावू नका. डोळे दाबणं किंवा मान चोळणं घरी कधीच करू नका.

हॉस्पिटलात यासाठी ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात, आधी ६ मिलिग्रॅम, गरज पडल्यास १२. हे औषध रक्तात काही सेकंदांतच नष्ट होतं, म्हणून ते कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग सलाईनचा फ्लश मारावा लागतो. हाताच्या मागच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर ते हृदयापर्यंत पोहोचतच नाही आणि 'औषध लागू पडलं नाही' असं वाटतं. ते देताना इसीजीची पट्टी चालू ठेवायला सांगा, ठोके कसे तुटले यावरून निदान पक्कं होतं. काही सेकंद छाती आवळल्यासारखी आणि जीव घाबरल्यासारखी वाटते, हे आईला आधी सांगून ठेवा. दमा असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

पीएसव्हीटी नोंदीवर सिद्ध झाली तर ॲब्लेशन खरोखर चांगला पर्याय आहे. तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला कदाचित बरोबरही ठरेल, फक्त तो पुराव्याआधी दिला गेलाय. जांघेतल्या शिरेतून तीन-चार कॅथेटर, म्हणजे बारीक नळ्या, हृदयात नेतात, विजेच्या हलक्या उद्दीपनाने तीच धडधड मुद्दाम सुरू करतात, जादा वाट शोधतात आणि रेडिओलहरींनी कॅथेटरचं टोक साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस तापवून ती बंद करतात. यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास. एव्ही नोडजवळ काम असल्याने मूळ वाटेलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका असतो, अनुभवी हातात तो साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. जांघेत रक्त साकळणं हा त्यातल्या त्यात नेहमी दिसणारा त्रास. मेटोप्रोलॉलसारख्या ठोके मंद करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर टेबलावर धडधड सुरूच होत नाही. झटके कमी असतील आणि आई सोसू शकत असेल तर ॲब्लेशन न करता गोळ्यांवर राहणंही चूक नाही. मात्र मेटोप्रोलॉल चालू झाल्यावर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा राहतो, हे लक्षात असू द्या.

इसीजीवर डेल्टा वेव्ह, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यूची (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मतः जादा वाट असण्याची) खूण दिसली आणि जोडीला एएफ असेल, तर व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन देणं धोक्याचं असतं. अशा रुग्णाने इसीजीची प्रत कायम पाकिटात बाळगावी.

एएफ निघाला तर पहिला प्रश्न रक्ताची गुठळी रोखण्याचा. पक्षाघाताचा धोका गुणांमध्ये मोजतात. बीपीचा एक आणि शुगरचा एक, असे आईचे दोन गुण आत्ताच होतात. दोन गुणांना रक्त पातळ करणारी गोळी सहसा सुचवली जाते, उदाहरणार्थ ॲपिक्सॅबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही. झडप सांधेतापाने आकसलेली असेल तर जुनीच वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. इको नॉर्मल असल्याने तो प्रश्न इथे बहुधा येणार नाही. एएफचं ॲब्लेशन वेगळं असतं, त्याचं यश कमी असतं आणि त्यानंतरही किमान दोन-तीन महिने ही गोळी सोडता येत नाही.

बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर पॅचची वाट बघत बसू नका. झटक्यात असं झालं तर फुंकण्याच्या उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आईची प्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा. परळच्या केईएमचा हृदयविकार विभागही डोळ्यांसमोर ठेवा, ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरून जाता येतं. कुठेही गेलात तरी डॉक्टर इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, म्हणजे ठोक्यांच्या आजारांचे तज्ज्ञ, आहेत ना, आणि महिन्याला अशी किती ॲब्लेशन करतात, हे विचारायला संकोच करू नका. साध्या एव्ही नोडच्या पीएसव्हीटीला थ्रीडी मॅपिंग (हृदयातल्या विजेचा संगणकावर काढलेला त्रिमितीय नकाशा) बहुतेक वेळा लागत नाही. अंदाजपत्रकात ते धरलं असेल तर कशासाठी, हे विचारून घ्या.