'प्रकाशपुंज' आणि एक नाकारलेली मात्रा

पुण्यातील एका वाचकाने विचारले आहे की, विसर्जन मिरवणुकीच्या बातमीत लक्ष्मी रस्त्यावरील लेझरच्या झोतांना 'प्रकाशपुंज' म्हटले होते, मात्र विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या एका अविभाज्य कणाला 'पुंज' म्हटलेले आढळते. तर यांतले बरोबर कोणते? शिवाय 'प्रकाशतरंग' आणि 'प्रकाशलहरी' यांत काही फरक आहे का?

दुसरा प्रश्न लगेच निकालात काढता येतो. भौतिकशास्त्रापुरता फरक काहीही नाही. 'लहर' या शब्दाला मराठीत माणसाच्या मर्जीचाही अर्थ चिकटलेला असल्यामुळे 'तरंग' अधिक सोयीचा ठरला आणि 'तरंगलांबी'सारखे समास त्याच्याच नावावर झाले.

बातमीदाराला मात्र उगाच दोषी ठरवू नये. पुंज म्हणजे रास. तारकापुंजात अनेक तारे असतात, आणि लेझरच्या झोतातही अगणित प्रकाशकण असतात, तेव्हा त्याला 'प्रकाशपुंज' म्हणणे भाषेच्या दृष्टीने निर्दोषच आहे (मी स्वतः 'झोत' लिहीन, कारण तो चांगला सणसणीत शब्द आहे). घोळ घातला तो 'क्वांटम'साठी, म्हणजे ऊर्जेच्या त्या अविभाज्य हिश्श्यासाठी, 'पुंज' निवडणाऱ्यांनी. मराठी विश्वकोशासारख्या आदरणीय ग्रंथातही 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्स) अशीच नोंद आहे, आणि ती पाहून मला दर वेळी चुटपुट लागते.

१९०० साली माक्स प्लांक यांनी मांडले की तापलेली वस्तू ऊर्जा देते-घेते ती सलग धारेने नव्हे, तर ठरावीक हिश्श्यांनी. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी तोच नियम खुद्द प्रकाशाला लावला. हा हिस्सा फोडता येत नाही. कापसाचा पुंजका मात्र बोटांनी पिंजला की मोकळा होतो, कारण तो मुळातच अनेक तंतूंचा असतो. म्हणजे जे एकसंध आहे त्याला आपण ढिगाचे नाव देऊन बसलो. १९०९ साली जेफ्री टेलर यांनी प्रकाश इतका मंद केला की उपकरणात एका वेळी जेमतेम एकच हिस्सा असावा, आणि सुमारे तीन महिने छायाचित्रपट्टी उघडी ठेवली. तरीही सुईच्या सावलीभोवती तरंगांना साजेसे पट्टे उमटलेच. तिथे रास कुठली?

'क्वांटम'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'किती', आणि आपल्याकडे 'किती'चे माप सांगणारा शब्द तयार होता: मात्रा. 'मा' म्हणजे मोजणे. मान, परिमाण आणि प्रमाण ही सारी त्याच धातूची भावंडे. छंदात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. दीड मात्रेचे अक्षर कोणताही छंदशास्त्री मोजत नाही. 'ठरावीक, मोजके, अखंड' हे तिन्ही भाव एका शब्दात याहून नेमके कुठे सापडणार? हिंदीत काही लेखक 'प्रमात्रा' लिहितात, पण तो 'प्र' कशासाठी हे मला उमगलेले नाही. वैयाकरण व्यंजनाची अर्धी मात्रा धरतात आणि सूत्रातली अर्धी मात्रा वाचवता आली तरी त्यांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, असा आक्षेप येईल. परंतु तो हिशोब उच्चाराचा आहे, वृत्ताचा नव्हे, आणि माझा दाखला वृत्ताचा आहे.

प्रकाशाच्या बाबतीत ही मात्रा सर्वत्र सारखीही नसते. ती वारंवारतेच्या, म्हणजे तरंगाच्या दर सेकंदाच्या कंपनांच्या, प्रमाणात वाढते, त्यामुळे जांभळ्या प्रकाशाची मात्रा तांबड्यापेक्षा मोठी असते, आणि कणाची ऊर्जा सांगायला तरंगाचाच आकडा हाताशी घ्यावा लागतो. म्हणूनच 'कण की तरंग' या प्रश्नातील 'की' मला खटकतो, पण तो वेगळा वाद आहे. वाचकाने बातमीदाराला माफ करावे आणि परीक्षेत मात्र 'पुंज'च लिहावे, कारण गुण देणारे परीक्षक परिभाषेच्या बाजूचे असतात.