१९१३ हे साल का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीकडे जुन्या सिनेमांच्या बऱ्याच फाइली आहेत, नावं रोमन लिपीत. त्यांतून शीर्षक, साल, रिझोल्यूशन वेगळं काढायला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली ‘गेसइट’ ही तयार कोडची लायब्ररी वापरतो. ‘अयोध्येचा राजा’चं १९३२ बरोबर येतं, ‘राजा हरिश्चंद्र’चं १९१३ मात्र साल म्हणून येतच नाही. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं काहीच चुकलेलं नाही. मी वाचलेल्या गेसइटच्या कोडमध्ये साल १९२० ते २०२९ या दरम्यानचंच असावं, अशी अट आहे. काहीतरी मर्यादा हवीच, कारण फाइलींच्या नावांत रिझोल्यूशनचे १०८०, २१६० असेही आकडे येतात. पण या अटीने फाळक्यांचे १९१७ चे ‘लंका दहन’ आणि १९१९ चे ‘कालिया मर्दन’सुद्धा बाहेर राहतात. आपला सिनेमा जिथून सुरू होतो तोच काळ गळावा, याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. नाव गेसइटकडे देण्याआधी १९०० ते १९१९ मधलं साल स्वतःच्या रेगेक्सने (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) काढून बाजूला ठेवा आणि उरलेलं नाव पुढे पाठवा. सोबत ‘टाइप’ या ऑप्शनला ‘मूव्ही’ अशी किंमत द्या. नाहीतर सुटे आकडे मालिकेचा सीझन आणि एपिसोड म्हणून वाचले जाऊ शकतात.

रिझोल्यूशनचं मात्र वेगळं आहे. गेसइट फाइल उघडतच नाही, फक्त नाव वाचते. नावात १०८०पी असेल तर उत्तरही १०८०पी, आत चित्र कितीही लहान असो. खरी रुंदी-उंची, कोडेक (चित्र-आवाज साठवण्याची पद्धत), कालावधी हे एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो या फाइल उघडून तपासणाऱ्या साधनांनी काढा.

सालाचंही तसंच. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज उपलब्ध असलेली रिळं १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे फाइलीवरचं १९१३ हे नाव देणाऱ्याचं म्हणणं झालं. तुमच्या तक्त्यात ‘नावातलं साल’ आणि ‘पडताळलेलं साल’ असे दोन रकाने ठेवा. आणि कृपा करून नावं बदलण्याआधी प्रत्येक मूळ नाव जसंच्या तसं तिसऱ्या रकान्यात उतरवून घ्या. ती प्रत कुठून आली याचा तेवढाच धागा पुष्कळदा हाती असतो.