एक सेमिस्टर परदेशात केलं, तर वर्ष वाया जातं का?

सल्ल्यासाठी आमच्याकडे आलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न होता. ‘मुलगी बीएमएसच्या (व्यवस्थापन पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एक्स्चेंजमधून पाचवं सेमिस्टर जर्मनीत करायची संधी आलीय. तिकडची फी माफ आहे म्हणतात. पण वर्ष गेलं तर? आणि प्लेसमेंटचं काय?’ वडील बेस्टमध्ये, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. घर डोंबिवलीत. कॉलेज चर्चगेटच्या बाजूचं, स्वायत्त. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी पालक बहुधा माहितीपत्रक आणि एफडीच्या पावत्या घेऊन येतात. खरं तर चार कागद हवे असतात: दोन संस्थांमधल्या कराराची प्रत, आपल्या कॉलेजची त्या सेमिस्टरची विषययादी, तिकडच्या विषयांची यादी आणि तिकडचं शैक्षणिक वेळापत्रक. करार पाहावाच लागतो, कारण ‘टाय-अप’ या शब्दाखाली काहीही खपतं. दोन आठवड्यांची समर स्कूल, पाहुण्या प्राध्यापकाचं व्याख्यान आणि क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे पदवीत धरलं जाणारं अभ्यासाचं माप) मिळणारं एक्स्चेंज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांतले ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्री हे प्रकार आणखी वेगळे. त्यात पदवीचाच काही भाग परदेशी संस्थेकडून येतो. इथं प्रकरण साध्या एक्स्चेंजचं होतं: फी इकडेच भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

घोळ वेळापत्रकात निघाला. जर्मनीतलं हिवाळी सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं सहावं सेमिस्टर नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात सुरू होतं. म्हणजे पाचवं नीट पार पडलं, तरी सहाव्याचे पहिले दोन महिने बुडणार आणि हजेरीच्या ७५ टक्क्यांना मार बसणार. वर्ष वाया जातं ते असं. त्यात पैशांचा पुरावा: जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो.

कॉलेजच्या भागीदार यादीत फ्रान्समधलं एक बिझनेस स्कूलही होतं. मुलीनं ते बाजूला ठेवलं होतं, कारण तिला फ्रेंच येत नव्हतं. पण तिथले एक्स्चेंजचे विषय इंग्रजीत होते आणि सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नाताळाच्या आधीपर्यंत. शिवाय पैशांचा निकष महिन्याला ६१५ युरो. देश बदलला तो एवढ्याच कारणांनी.

आता क्रेडिट. इथं हुशार मुलंही फसतात. तिच्या कॉलेजात सेमिस्टरला २० क्रेडिट. तिनं तिकडचे ५-५ क्रेडिटचे चार विषय निवडले आणि २० झाले म्हणून निश्चिंत झाली. पण युरोपातली ईसीटीएस पद्धत वेगळी आहे: पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं, वर्ष ६० चं. तिकडचे ३ म्हणजे आपले साधारण २. त्या हिशेबानं तिचे २० म्हणजे इकडचे १३ सुद्धा जेमतेम, आणि उरलेल्या ७ क्रेडिटची थकबाकी परतल्यावर केटीसारखी (नापास होऊन राहिलेल्या विषयासारखी) मानेवर बसली असती.

म्हणून सहा विषय घ्यायचे ठरले. पाच विषय इकडच्या पाच विषयांसमोर मांडले, सहावा फ्रेंच भाषेचा. ‘डायरेक्ट टॅक्सेस’समोर मात्र काहीच बसेना. भारतीय आयकर कायदा फ्रान्समध्ये कोण शिकवणार? तो विषय घरून अभ्यासायचा आणि जानेवारीत पुरवणी परीक्षेसोबत द्यायचा, असं विभागप्रमुखांकडून लिहून घेतलं. तोंडी ‘हो, बघू’ला काही किंमत नाही, जून उजाडेपर्यंत विभागप्रमुख बदललेले असतात. कोणता विषय कशाऐवजी धरायचा त्या करारावर, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर विद्यार्थी, इकडचं कॉलेज आणि तिकडची संस्था अशा तिन्ही सह्या निघण्याआधीच हव्यात. गुण कसे बदलायचे तो तक्ताही त्यालाच जोडावा. कॉलेज स्वायत्त असल्यानं हे आतल्या आत झालं. संलग्न कॉलेज असेल तर तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा विद्यापीठ घेतं, तिथं प्राचार्यांची सही पुरत नाही.

नावाचा गुंता मुंबईकरांच्या पाचवीला पुजलेला. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं. तिकडच्या कारकुनानं पहिला शब्द ‘फर्स्ट नेम’ धरला आणि प्रवेशपत्रात आडनावच नाव होऊन बसलं. ते दुरुस्त करून घ्यायला नऊ दिवस गेले. अर्ज अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे भरावा, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवावं.

खर्चाचा अंदाज आम्ही पॅरिसबाहेरच्या शहराचा धरला: भाडं ५००, जेवण २००, प्रवास ५०, इतर १०० युरो. चार महिन्यांचे ३,४०० आणि डिपॉझिटचे ५००. युरो शंभर रुपयांचा धरला तर ३ लाख ९० हजार. विमानभाडं, व्हिसा, विमा मिळून आणखी लाखभर. वडील पीएफमधून एकरकमी पैसे काढून मुलीच्या खात्यात टाकणार होते. अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम व्हिसा अधिकाऱ्याला खटकते. त्याऐवजी वडिलांच्याच खात्याचे सहा महिन्यांचे उतारे, आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६ आणि खर्च उचलण्याचं हमीपत्र लावलं. वर्षाला दहा लाखांच्या आत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) लागत नाही, त्यामुळे तो विषय मिटला.

प्लेसमेंटबद्दल वडिलांची धास्ती रास्त होती. कंपन्या पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला येतात. प्लेसमेंट सेलकडून ऑनलाइन मुलाखतीची लेखी परवानगी घेतली. तिकडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. त्यानंतर मुंबईतली सकाळी दहाची मुलाखत म्हणजे तिकडे पहाटे साडेपाच. कॅटचं (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं) मात्र काही करता येत नाही. ती नोव्हेंबरात असते आणि केंद्रं भारतातच. मुलीला त्या वर्षी कॅट द्यायची नव्हती. द्यायची असती, तर आम्ही जाऊ नको म्हटलं असतं.

सप्टेंबरात तिकडचा एक विषय विद्यार्थी कमी म्हणून रद्द झाला. असं होतंच. तिनं त्याच आठवड्यात पर्यायी विषयाचा आराखडा विभागाला पाठवला आणि बदललेल्या करारावर पुन्हा तिन्ही सह्या घेतल्या. हे न करता परतलेल्या मुलांची क्रेडिट नाकारली जातात.

तिकडची गुणपत्रिका फेब्रुवारीअखेर आली. तोवर पाचव्या सेमिस्टरचा निकाल ‘राखीव’ दिसत होता आणि वडिलांचे दिवसाला दोन फोन येत होते. गुणपत्रिकेत एका विषयात २० पैकी १३ पाहून ते पुन्हा खचले. फ्रान्समध्ये १० ला पास आणि १४ म्हणजे ‘चांगलं’. १६ च्या वर फारसं कुणी जात नाही. टक्क्यांत सरळ गुणाकार झाला असता तर ६५ पडले असते. करारासोबतच्या तक्त्यानं ते वाचवलं. निकाल मार्चमध्ये लागला आणि सहाव्या सेमिस्टरचं हॉल तिकीट वर्गासोबतच मिळालं.