विभागात राखीव जागा भरल्या गेल्या, तरी त्या जागांवर आलेले सहकारी संशोधनात मागे का राहतात? विभागप्रमुखाने नेमकं काय करावं?

तुमच्या प्रश्नातला 'तरी' मला लागला. जागा भरल्या, तरी मागे का, असं विचारताना जागा भरली की विभागाचं काम झालं आणि पुढचं त्या माणसाने बघायचं, हे गृहीत धरलं जातं. पण तुम्ही नुकतेच विभागप्रमुख झाला आहात, 1 जुलैला दोन नवे सहायक प्राध्यापक रुजू होणार आहेत आणि तुम्ही आधीच विचारताय, म्हणून लिहायला बसले. एरवी या विषयावर बोलणं मी सोडून दिलं होतं.

मी 2009 साली एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर लागले. विषय ऑरगॅनिक. पीएचडी झालेली होती, सहा पेपर होते, दीड वर्ष पोस्टडॉक केलेलं होतं. वडील एसटीत कंडक्टर, जत डेपोला. रुजू झाले त्या दिवशी विभागप्रमुखांनी चहा मागवला, घरची चौकशी केली आणि म्हणाले, "मॅडम, लॅबला सध्या जागा नाही. तोवर एमएस्सी पार्ट वनची प्रॅक्टिकल्स बघा." ते 'तोवर' अडीच वर्षं चाललं.

जागा नव्हती असं नाही. दुसऱ्या मजल्यावर एका निवृत्त सरांची लॅब होती. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण दारावर त्यांच्याच नावाची पाटी होती आणि आत त्यांची कपाटं कुलपात होती. तिथले अर्धे बेंच त्यांच्याच एका विद्यार्थ्याला मिळाले. तो माझ्याच महिन्यात, खुल्या जागेवर रुजू झाला होता. माणूस सज्जन, आजही आमचं बरं चालतं. पण त्याला पहिल्या दिवशी बेंच, फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट), काचसामान आणि अर्धवट सोडलेले दोन प्रॉब्लेम मिळाले. मला स्टाफरूममधलं टेबल मिळालं.

2010 च्या अखेरीस मला डीएसटीचा (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा) फास्ट ट्रॅक प्रोजेक्ट मंजूर झाला. त्यातून रोटाव्हॅप (द्रावक उडवून वेगळं करायचं यंत्र) घेतला. फेब्रुवारी 2011 मध्ये खोकं आलं आणि लावायला जागा नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये, झेरॉक्सच्या खोलीबाहेर ठेवलं गेलं. अकरा महिने ते तिथे होतं. पोरं त्याच्यावर बसून जर्नलं पूर्ण करायची. एका कोपऱ्याचा पुठ्ठा बसून बसून दबला, तिथून आतला पांढरा थर्माकोल दिसायचा. मी रोज प्रॅक्टिकलला जाताना त्या कोपऱ्याकडे बघायची. वॉरंटी माल पोचल्यापासून एक वर्षाची होती. ती खोक्यातच सरत चालली होती.

त्याच काळात विभागाच्या बैठकीत मी दोन बेंच मागितले. फक्त दोन. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याकडे न बघता, इतिवृत्ताच्या वहीकडे बघत सांगितलं, "संशोधनाची परंपरा घरात असावी लागते. ज्याला शिकवायला जमतं त्याने शिकवावं." नऊ माणसं बसली होती. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही.

मला खोली मिळाली ती एका प्रयोगशाळा परिचरामुळे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एके संध्याकाळी ते म्हणाले, "मॅडम, तळमजल्याला मोडक्या काचेची खोली हाय. नळ हाय, मी बघितलाय." दुसऱ्या दिवशी घरून शिंप्याची टेप घेऊन आले आणि खोली मोजली, बारा बाय चौदा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी आणि माझ्या पहिल्या विद्यार्थिनीने मिळून ती रिकामी केली. फुटके कंडेन्सर, बुरशी आलेले बुच, 1980 च्या दशकातल्या उत्तरपत्रिका. विभागप्रमुख तेव्हा रजेवर होते, प्रभारींनी सही केली. जानेवारी 2012 मध्ये रोटाव्हॅप लागला. चालू केला तर व्हॅक्यूम धरेना, सील पडून पडून कडक झालं होतं. वॉरंटीला महिना उरला होता, पण कंपनी म्हणाली सील त्यात येत नाही. ते मी पदरच्या पैशाने बदललं.

हूड त्या खोलीला कधीच मिळाला नाही. एक एक्झॉस्ट पंखा होता. माझी विद्यार्थिनी खिडकीशी उभी राहून कॉलम चालवायची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करायची, दिवसभर उडणारी द्रावकं, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट. संध्याकाळी डोकं धरून बसायची. मी तिला तिथे काम करू दिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नेमणूक जाहिरातीने होते, तिला बिंदुनामावली (कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची याचा क्रम, म्हणजेच रोस्टर) असते, मागासवर्गीय कक्षाची तपासणी असते. लॅबला यातलं काहीच नसतं. बहुतेक विभागांत लॅब वारशाने जाते, गाईडकडून विद्यार्थ्याकडे. ज्याचा गाईड त्या विभागातला नाही त्याला वारसा नाही. आणि आपल्या विद्यापीठांत पहिल्या पिढीतला, राखीव जागेवर आलेला माणूस बहुतेकदा बाहेरूनच आलेला असतो. परंपरा घरात असावी लागते म्हणणाऱ्या सरांना मला हेच सांगायचं होतं: ती तुमच्याही घरात नव्हती. तुमचे वडील शेती करायचे हे तुम्हीच अभिमानाने सांगायचात. ती तुम्हाला विभागाने दिली, तुमच्या गाईडच्या बेंचासकट.

सुरुवातीची ही तूट पुढे चक्रवाढ व्याजासारखी वाढते. अडीच वर्षं काम नाही म्हणजे पेपर नाहीत. पेपर नाहीत म्हणजे कॅसखाली (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, सेवेतल्या बढतीची योजना) बढती उशिरा. आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने सहायक प्राध्यापकाला एका वेळी 4 पीएचडी विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला 6, प्राध्यापकाला 8. म्हणजे बढती लांबली की हातही कमी राहतात, की पुन्हा पेपर कमी. त्या खोलीतून माझा पहिला पेपर 2014 साली आला. तो सज्जन सहकारी माझ्याआधी तीन वर्षं प्राध्यापक झाला. आमच्या दोघांच्या फाइली शेजारी ठेवून कोणी म्हणेल, बघा, कोट्यातून आलेल्या मागे राहतात.

आत घ्यायचं पण पूर्ण घ्यायचं नाही, ही रीत जुनीच आहे. 1933 साली जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तर वर्षभर परीक्षेवर घेतलं. सहा वर्षांनी त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. बाकीच्यांना त्या वर्षी अशी परीक्षा नव्हती.

गुणवत्तेचं काय, असं कोणीतरी इथे खाली लिहिणारच आहे. त्यांनी यूजीसीचे 2018 चे विनियम वाचावेत. विद्यापीठात सहायक प्राध्यापक निवडताना शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते धरायचे आणि निवड मुलाखतीवरच करायची, असं त्यात लिहिलेलं आहे. ज्यांचे पेपर मोजून झालेत त्यांनाच 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून जागा अनुशेषात टाकली जाते, ती मुलाखतीच्या बंद खोलीत. उमेदवारांमध्ये राखीव प्रवर्गातला किंवा महिला उमेदवार असेल आणि समितीत त्या घटकाचं कोणी नसेल, तर त्या घटकाचा प्रतिनिधी घ्यावा लागतो, हाही नियम आहे. पण तो एक माणूस सगळ्यात कनिष्ठ असला तर काय बोलणार? तुमच्या हातात असेल तर वजन असलेला माणूस सुचवा.

आणि नियम किती बारीक गोष्टीवर फिरतात तेही बघा. एप्रिल 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणाचं एकक विद्यापीठाऐवजी विभाग धरलं आणि 5 मार्च 2018 ला यूजीसीने तसा आदेश काढला. या 13 बिंदूंच्या रोस्टरमध्ये पहिली ओबीसी जागा चौथ्या बिंदूवर, अनुसूचित जातीची सातव्यावर आणि अनुसूचित जमातीची चौदाव्यावर, म्हणजे तेरा बिंदूंच्या बाहेरच. म्हणजे तीन प्राध्यापकांच्या छोट्या विभागात राखीव जागा एकही नाही. देशभर आंदोलन झालं, 2019 मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा आला, तेव्हा केंद्रीय संस्थांमध्ये पुन्हा पूर्ण संस्था हे एकक झालं. कोणी कोणाला थेट नाही म्हटलं नव्हतं, मोजायची पद्धत तेवढी बदलली होती. लॅबचंही असंच होतं.

तर करायचं काय? सगळ्या लॅबचं मोजमाप एकदा लिहून काढा: कोणाकडे किती बेंच, किती हूड, किती विद्यार्थी. हा कागद बैठकीत वाचून दाखवा. त्याने बोलणी बसतील, बसू द्या. निवृत्त झालेल्यांची जागा सहा महिन्यांत विभागाकडे यावी असा ठराव करा, आणि ती गाईडच्या विद्यार्थ्याला आपोआप जाणार नाही हेही त्याच ठरावात लिहा. तासिका सगळ्यांना सारख्या वाटा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तासांची तरतूद आहे, नव्या माणसावर 22 टाकून वर पेपर का नाहीत विचारू नका. नवीन आलेली बाई असेल तर प्रसूती रजेच्या काळात तिचे विद्यार्थी दुसऱ्याच्या नावावर सरकवू नका. हे मी होताना पाहिलं आहे. दिव्यांग सहकारी असेल तर त्याची लॅब तळमजल्याला द्या, लिफ्ट दुरुस्त होईल या भरवशावर राहू नका.

सगळे विभाग आमच्यासारखे नसतात, हे मला मान्य आहे. मला नंतर एक प्रमुख असे मिळाले की त्यांनी स्वतःचा हूड मला दिला आणि कुठे बोलले नाहीत. ह्युमॅनिटीजमध्ये बेंचाचा प्रश्नच नसतो, तिथे गाईडशिप आणि सेमिनारची निमंत्रणं कोणाला जातात ते बघावं लागेल. आणि राखीव जागेवर आलेला प्रत्येक जण कष्टाळूच असतो असाही माझा दावा नाही. आळशी माणूस कुठूनही येतो. पण बेंच न देता कोण आळशी आणि कोण नाही हे कळणार कसं?

एक बारीक गोष्ट राहिली. उपकरणांच्या खोलीची किल्ली आमच्याकडे दोघांकडेच असायची. एचपीएलसी (मिश्रणातले घटक तपासायचं उपकरण) लावायचा असेल तर मी साडेपाचला जाऊन मागायची. कधी मिळायची, कधी सर निघून गेलेले असायचे. 1 जुलैच्या आधी तुमच्या दोन नव्या सहायक प्राध्यापकांच्या नावाने किल्ल्या करून घ्या, रजिस्टरला नोंद करा आणि रुजू होण्याच्या दिवशी चहाबरोबरच हातात द्या.