बियांपासून रोप वाढवण्यात खरंच वेगळं समाधान असतं, की नर्सरीतून तयार रोप आणलेलं बरं?

तुम्हाला पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मिरची आणि टोमॅटो लावायचे आहेत, आणि तुमची पत्नी म्हणते की तीस रुपयांत रोप मिळत असताना बी पेरत कशाला बसायचं. हेच वाक्य मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. म्हणणारे माझे धाकटे दीर. म्हणून मिरचीआधी बहाव्याबद्दल लिहिते.

२००९ च्या मे महिन्यात लॉ कॉलेज रस्त्यावर फूटपाथवर पडलेली बहाव्याची शेंग मी उचलून आणली. हातभर लांब, काळी. फोडली तर आत नाण्यांची चळत लावावी तसे कप्पे, प्रत्येक कप्प्यात चिकट काळा मगज आणि एक चपटं, तपकिरी, गुळगुळीत बी. (हा मगज औषधात जुलाबासाठी वापरतात. घरात लहान मूल असेल तर शेंग त्याच्या हाती लागू देऊ नका.) दुधाच्या वीस पिशव्या धुतल्या, खाली भोकं पाडली, माती आणि शेणखत भरून एकेक बी पेरलं. जून गेला, जुलै गेला. मातीवर शेवाळ धरलं, कोंब एकही नाही. गणपतीत दीर आले आणि गॅलरीतली रांग बघून म्हणाले, "वहिनी, नुसतीच माती पाळलीय का?" सगळे हसले. मला ते फार लागलं. रात्री एक पिशवी उकरून पाहिली. बी पेरलं होतं तसंच होतं, फुगलंसुद्धा नव्हतं.

कारण कळलं पुढच्या जानेवारीत, एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनात. तिथे भेटलेल्या एका वयस्कर माळीकाकांनी पहिलाच प्रश्न केला, "घासलं होतंत का?" बहाव्याच्या बीचं कवच पाणी आत शिरूच देत नाही. रानात माकडं, कोल्हे शेंगा खातात, बी त्यांच्या पोटातून बाहेर पडतं तेव्हा ते कवच झिजलेलं असतं. घरी ते काम पॉलिश पेपरने करायचं, एका कडेला आतला फिकट रंग दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात. मी बारा बिया घासल्या, सकाळी नऊ टम्म फुगलेल्या होत्या. उरलेल्या तीन पुन्हा घासल्या.

मार्चमध्ये पेरलं. सहाव्या दिवशी एका पिशवीतली माती तडकली. दुसऱ्या दिवशी तिथे वाकलेली मान, डोकं अजून मातीतच. संध्याकाळी मान ताठ झाली आणि डोक्यावर बीच्या सालाची टोपी. मला धीर निघेना, मी ती टोपी चिमटीत धरून ओढली, तर आतली दोन्ही पानं टोपीसकट हातात आली. ते रोप गेलं. आणखी दोन मी पाणी घालघालून मारली, जमिनीलगत देठ काळे पडून आडवी झाली. याला मर म्हणतात. मे उजाडला तेव्हा सात रोपं उभी होती.

समाधान वेगळं असतं का? असतं. त्या दिवसांत मी पहाटे उठून आधी गॅलरीत जायचे, मग चहा ठेवायचे. नर्सरीतून आणलेल्या एकाही रोपासाठी मी असं उठलेले नाही. पुढच्या मार्चमध्ये त्या रोपांची सगळी पानं गळली. दीर म्हणाले, मेलं. मी नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं. बहावा उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतोच. बीपासून त्याच्यासोबत असल्यामुळे मी घाबरले नाही.

२०११ च्या जुलैत सोसायटीच्या कुंपणालगत मी त्यातलं सर्वांत चांगलं रोप लावलं. त्याच आठवड्यात दिरांनी सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आठ फुटी बहावा आणून दहा फुटांवर लावला. तीन वर्षांनी वळवाच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. मुळं अजून पिशवीच्या आकारातच गोल गोल गुंडाळलेली होती, जमिनीत शिरलीच नव्हती. माझ्या झाडाला २०१८ च्या मे महिन्यात पहिली फुलं आली, तीन झुंबरं. दीर म्हणतात, तुमच्या झाडाला माती चांगली मिळाली. दहा फुटांवर माती बदलते का? झाड बारक्या पिशवीत अडकून मोठं झालं की असंच होतं, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. तुमच्या पत्नीला हे जरूर सांगा.

सगळ्याच नर्सऱ्या वाईट असतात असं नाही. हापूस, पेरू, गुलाब यांची कलमंच आणा. हापूसच्या कोयीतून हापूसच येईल याची खात्री नसते. बाजारातल्या संकरित टोमॅटोचं बी काढून पेरलंत तर फळ वेगळं निघू शकतं, म्हणून बी घेताना देशी वाण मागा. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन येत नसेल तर रोप कुठूनही आणा, फळ फारसं धरणार नाही.

मिरची-टोमॅटोला पॉलिश पेपर लागत नाही. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, माती ओलसर पण चिखल नाही. मिरचीला ऊब लागते, तेव्हा डिसेंबरात पेरू नका. पुण्यात रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात आणि बी आठवडेच्या आठवडे नुसतं पडून राहतं. फेब्रुवारी सरता सरता पेरा. मिरचीच्या रोपाच्या डोक्यावरही पुष्कळदा सालाची टोपी अडकते. ती ओढू नका. सकाळी तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, साल मऊ पडलं की ती बहुतेक वेळा आपोआप सुटते.