डिग्री न घेता, नुसती विद्यापीठांची व्याख्यानं ऐकून संविधान, राजकीय विचार, नीतिशास्त्र कळतं का?

कळतं. उत्तर एवढंच होतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातच नोकरी करता, रात्री ऐकत बसता, आणि घरचे म्हणतात, परीक्षेला बसायचं नसेल तर कशाला डोळे फोडतोस. ती ओळ वाचली आणि मी लेथ बंद करून लिहायला बसलो.

मी आयटीआयचा टर्नर. उद्यमनगरात दोन लेथ आहेत, बुश आणि पिना, म्हणजे यंत्राचे सुटे भाग करतो. माझ्या वहीत पुढून जॉबची मापं असतात आणि मागून कलमं. दोन्हीकडून वही भरत येते, मध्ये गाठ पडली की नवी घ्यायची. आमचा मेहुणा स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो. ही वही बघितली की त्याचं एकच ठरलेलं, "दाजी, ह्यात मार्क किती?"

2019 च्या सुरुवातीची गोष्ट. आदल्या नोव्हेंबरात मराठा आरक्षणाचा 16 टक्क्यांचा कायदा झाला होता, जानेवारीत केंद्राचं आर्थिक दुर्बलांचं 10 टक्के आलं होतं. चहाच्या गाड्यावरसुद्धा टक्क्यांशिवाय विषय नव्हता. गावात एका सभागृहात व्याख्यान होतं, वक्ते प्राध्यापक, बाहेरगावचे, नाव मोठं. मी काम संपवून तसाच गेलो, मेहुण्यालाही ओढून नेलं. वक्ते बोलायला चांगले. पण बोलता बोलता म्हणाले, 50 टक्क्यांची मर्यादा घटनेतच आहे, बाबासाहेबांनीच घातली, आणि तुमच्या शाहू महाराजांनीही 1902 साली 50 च दिले होते. टाळ्या पडल्या.

मला काही ते पटेना. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. खिशात कागद नव्हता, डिलिव्हरी चालान होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं: "50 टक्के कुठल्या कलमात आहेत?" हाताला ऑइल होतं, त्याचा अंगठा उठला. चिठ्ठ्या वर गेल्या. माझी उचलल्यावर वक्त्यांनी आधी उलटी बाजू वाचली, तीही माईकवर. "बुश, 32 एमएम, चार नग. हे कुठल्या कलमात येतं बुवा?" सभागृह हसलं. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पुढची घेतली. प्रश्न वाचलाच नाही. शेजारी मेहुणाही हसत होता, आणि त्याचं मला जास्त लागलं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, पंगतीत तांबडा-पांढरा वाढून होतोय न होतोय तोवर हा सुरू करतो, "दाजींचं बत्तीस एमएमचं कलम माहितीय का?"

त्या रात्री मी राज्यघटनेची मराठी प्रत काढली. शिक्षणातल्या राखीव जागांचं 15(4) वाचलं, नोकरीतल्या राखीव जागांचं 16(4) वाचलं. आकडा नाही. मग मिळतील ती व्याख्यानं ऐकत गेलो, त्यातून धागा सापडला. म्हैसूर सरकारनं 68 टक्के जागा राखीव केल्या होत्या, त्यावर 1962 साली सुप्रीम कोर्टानं बालाजी खटल्यात सांगितलं की ढोबळमानानं हे प्रमाण 50 च्या आत असावं. निकाल लिहिला गजेंद्रगडकरांनी, म्हणजे साताऱ्याच्या माणसानं. पुढं 1992 ला इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढं त्याचा नियम पक्का झाला, तोसुद्धा अपवादाला फट ठेवून. म्हणजे छत कोर्टानं घातलंय. आणि महाराजांचा 26 जुलै 1902 चा हुकूम तर बरोबर उलटा आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना द्या, आणि ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण 50 पेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक त्यांचीच करा, असा तो हुकूम. महाराजांचं 50 किमान होतं, कोर्टाचं 50 कमाल आहे. कोल्हापुरात उभं राहून ही दोन एकत्र कालवायची आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला काय म्हणायचं?

असो. तुमचा प्रश्न राहिला.

राजकीय विचारासाठी येल विद्यापीठाच्या स्टीव्हन स्मिथ यांची 24 व्याख्यानं फुकट आहेत. सॉक्रेटिसच्या खटल्यापासून सुरू होतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, खाली अक्षरं येतात, वेग कमी करता येतो. पहिलं व्याख्यान मला तीन रात्री पुरलं. नीतिशास्त्राला हार्वर्डचे मायकेल सँडेल, 12 भाग. ते ट्रॉलीचं कोडं घालतात, एकाला मारायचं की पाचांना, पोरं हात वर करतात, मजा येते. माझं स्पष्ट मत, मजा जरा जास्तच येते. भाग संपला की आपल्याला सगळं कळल्यासारखं वाटतं आणि कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं एक पान वाचवत नाही. रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञावरचा भाग मात्र सोडू नका. आपण कोण म्हणून जन्मणार हे माहीत नसताना समाजाचे नियम ठरवायला बसलो तर कसे ठरवू, असा त्याचा प्रश्न आहे. मला तो लगेच कळला. आमच्याकडं वाटणीत थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो, त्यामुळं थोरल्याचा हात आपोआप सरळ चालतो.

संविधानासाठी प्राध्यापकांपेक्षा चांगलं एक आहे. 27 सप्टेंबर 2022 पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाची सुनावणी थेट दाखवतात. पहिल्याच दिवशी त्या 10 टक्क्यांचं प्रकरण होतं. मी दुकानात मोबाईल स्टीलच्या डब्यात उभा करून ऐकलं, आवाज मोठा येतो. वकील अर्धं वाक्य बोलतो न बोलतो, न्यायमूर्ती अडवतात, तो पुन्हा पहिल्यापासून. डोकं तिथं तयार होतं. आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही इथं आलंय, ऑगस्ट 2025 पासून. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, सुट्टी काढून मागच्या बाकावर गप्प बसा.

क्लास लावावा का, असंही तुम्ही विचारलंय. परीक्षा द्यायची असेल तर लावा, मेहुण्याची पोरं पास होतात, ते नाकारत नाही. पण क्लासमध्ये केशवानंद भारती, म्हणजे केरळातल्या एका मठाच्या स्वामींचा खटला, म्हणजे 1973, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, आणि मूलभूत संरचना, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही. चार मुद्दे, संपलं. सुनावणी 68 दिवस चालली, बहुमताच्या न्यायमूर्तींमध्येसुद्धा एकवाक्यता नव्हती, आणि केरळच्या जमीन कायद्यांना संरक्षण देणाऱ्या ज्या 29 व्या दुरुस्तीमुळं मठाच्या जमिनीचं दुखणं होतं ती कोर्टानं कायमच ठेवली, हे क्लासच्या पोरांना विचारून बघा. स्वामींचं नाव अमर झालं, जमिनीचं काही झालं नाही. एका दिवाळीत मेहुण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, हे विचारत नाहीत." बरोबर आहे, विचारत नाहीत. म्हणून तर आपण ऐकायचं.

एक धोका सांगतो. एकट्यानं ऐकलं की चूक पकडायला कोणी नसतं, आणि आपण स्वतःला शहाणे समजायला लागतो. वरच्या 50 टक्क्यांवरून मी वर्षभर फुशारकी मारली की घटनेत तो आकडाच नाही. मग एका रात्री 16(4) च्या खाली वाचत गेलो. 4क झालं, 4ख आलं, 2000 सालच्या 81 व्या दुरुस्तीनं घातलेलं. मागच्या वर्षी न भरलेल्या राखीव जागा ह्या वर्षीच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेत धरू नयेत, असं त्यात आहे. म्हणजे आकडा आहे. मर्यादा त्या कलमानं घातलेली नाही, कोर्टानं घातलेली गृहीत धरून पुढचं लिहिलंय, पण आकडा छापलेला आहे. आणि 30 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी राखीव जागा अल्पसंख्येतच असाव्यात असं म्हटलंही होतं, 70 टक्के राखीव आणि 30 खुल्या ठेवल्या तर समान संधीचं काय राहिलं, असं उदाहरण देऊन. म्हणजे ते प्राध्यापक अगदीच हवेत बोलत नव्हते. माझी चिठ्ठी वाचली असती तर कदाचित हे त्यांनीच सांगितलं असतं.

तेव्हा ऐका, पण सोबत मूळ मजकूर उघडा ठेवा, आणि चिठ्ठी द्यायची वेळ आली तर कोऱ्या कागदावर द्या. 4ख चं मेहुण्याला अजून बोललेलो नाही. त्याच्या नोट्समध्ये ते नाही, मी बघितलंय.