तुमचे प्रश्न, स्वयंपाकघरातून: एग्ज बेनेडिक्टला जपानी वळण

प्रश्न : एग्ज बेनेडिक्टच्या हॉलंडेझ सॉसमध्ये मिसो घालून पाहिला. सॉस फुटला आणि तोंडात घालवेना इतका खारट झाला. नेमकं काय चुकलं?
— एक वाचक, पुणे

एग्ज बेनेडिक्ट म्हणजे इंग्लिश मफिन या गोल, चपट्या पावावर हॅम (डुकराचं खारवलेलं मांस), त्यावर पोच्ड अंडं, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं, आणि वरून हॉलंडेझ, म्हणजे बलक, बटर आणि लिंबाचा सॉस. आधी खारटपणाचं बघू, कारण या डिशला जपानी वळण देताना बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट, खारट, सोया सॉस खारट, मूळ डिशमधलं हॅमही खारट. त्यात नेहमीचं पिवळं टेबल बटर वापरलं, तर १०० ग्रॅममागे सुमारे २ ग्रॅम मीठ आणखी आलं. म्हणून बटर बिनमिठाचंच घ्या, सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका आणि मिसोही फिकट रंगाचा, म्हणजे शिरो मिसो आणा. लाल मिसो जास्त दिवस मुरवलेला असतो. तो या नाजूक सॉसवर कुरघोडी करतो.

चौघांसाठी प्रमाण असं: २ अंड्यांचे बलक, १ मोठा चमचा पाणी, १०० ग्रॅम वितळवलेलं बटर, २ छोटे चमचे मिसो, २ छोटे चमचे लिंबाचा रस. युझू हे जपानी लिंबू आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याच्या वासाच्या जवळ जायचं, तर लिंबाच्या रसात संत्र्याची चिमूटभर किसलेली साल घाला. सालीचा पांढरा भाग घेऊ नका, तो कडू असतो.

पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवून वर स्टीलचं भांडं ठेवा. त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. बलक, पाणी आणि निम्मा रस ३-४ मिनिटं फेटा. व्हिस्कची रेघ क्षणभर टिकली की बटर घालायला घ्या: आधी थेंब थेंब, मग बारीक धार. भांड्याला हात लावून धरवेनासं झालं, तर लगेच खाली उतरवा. सगळं बटर जिरलं की गॅसवरून काढून मगच चमचाभर कोमट पाण्यात कालवलेला मिसो आणि उरलेला रस मिसळा. मिसो तसाच टाकला तर गुठळ्या राहतात, आणि फार तापला की त्याचा वास उडतो.

सॉस दोन तऱ्हांनी बिघडतो. बारीक रवाळ कण दिसले, तर बलक शिजला. तो सॉस परत जुळत नाही. पण वर नुसतं तूप तरंगत असेल, तर बटर घाईने पडलंय. तेव्हा स्वच्छ भांड्यात नवा बलक आणि छोटा चमचाभर कोमट पाणी फेटा आणि फुटलेला सॉस त्यात थेंब थेंब घाला. बहुतेक वेळा जुळून येतो. तयार सॉस गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये अर्धा तास छान राहतो.

घरचं लोणी चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल. मंद आचेवर वितळवून वरचा फेस काढा आणि बेरी तांबूस व्हायच्या आत स्वच्छ स्निग्धांश ओतून घ्या. कढवलेलं कणीदार तूप मात्र नको. त्याच्या खमंग वासापुढे मिसो हरवतो.

प्रश्न : पोच्ड अंडं दर वेळी विस्कटतं. त्याऐवजी ओन्सेन तामागो चालेल का?
— एक वाचक, ठाणे

चालेल, आणि पाहुणे असतील तर तेच सोयीचं. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे, तामागो म्हणजे अंडं. तिथे अंडी अशी शिजवतात, म्हणून हे नाव. बलक साधारण ६५-७० अंशांना घट्ट होऊ लागतो, पांढऱ्याला मात्र नीट आळायला ८० च्या आसपास तापमान लागतं. म्हणून मधल्या तापमानात पांढरा दुधाळ, लुसलुशीत राहतो आणि बलक कस्टर्डसारखा होतो.

जाड बुडाच्या भांड्यात १ लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, २०० मिलिलिटर साधं पाणी घाला आणि थेट फ्रिजमधली ४ अंडी अलगद सोडून झाकण ठेवा. मोठ्या अंड्यांना १७ मिनिटं, आपल्याकडच्या लहान अंड्यांना १५. पहिल्या वेळी एक अंडं आधी वाटीत फोडून बघा. पोच्ड अंड्यासारखा बलक ओघळून खालपर्यंत झिरपत नाही, एवढा फरक आहे.

अंडं आणि सॉस दोन्ही पूर्ण शिजलेले नसतात. गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांना हे देऊ नका.

प्रश्न : इंग्लिश मफिन मिळत नाही. खाली काय ठेवू?
— एक वाचक, कोल्हापूर

भाताची भाजलेली चकती. याकी ओनिगिरीची, म्हणजे भाताच्या भाजलेल्या जपानी मुटक्याची, हीच कल्पना, आणि त्यासाठी आपला इंद्रायणी उत्तम; तो चिकट असतो. बासमतीची चकती तव्यावर विस्कटते. एक वाटी तांदळाला दीड वाटी पाणी, मीठ नाही. गरम भात ओल्या हाताने वाटीत दाबून दीड-दोन सेंटीमीटर जाड चकत्या करा आणि १५ मिनिटं उघड्या ठेवा, वरचा ओलावा जाऊ दे. तव्यावर थोडं तेल, मध्यम आच, प्रत्येक बाजू ४-५ मिनिटं. चकती आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. सोया सॉस अगदी शेवटी ब्रशने लावून दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट भाजा. आधी लावला तर करपतो.

हॅम नको असेल, तर २०० ग्रॅम पालक ४० सेकंद उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाका. मग मुठीत घट्ट पिळा, थेंब पडायचा थांबेपर्यंत. नाहीतर पाणी सुटून खालची खरपूस चकती मऊ पडते. २ मोठे चमचे भाजलेले तीळ खलबत्त्यात अर्धबोबडे कुटून, २ छोटे चमचे सोया सॉस आणि १ छोटा चमचा साखर घालून पालकाला चोळा.

प्रश्न : वरून भुरभुरायला शिचिमी तोगाराशी घरी करता येईल?
— एक वाचक, रत्नागिरी

तुमच्याकडे तर नक्कीच. शिचिमी तोगाराशी म्हणजे सात जिनसांचा तिखट जपानी मसाला. त्यातला सान्शो हा मसाला आपल्या तिरफळाच्याच कुळातला आहे. तिरफळाचं उघडलेलं टरफल तेवढं घ्या, आतली काळी चकचकीत बी टाकून द्या. ती दाताखाली कचकचते. पाव छोटा चमचा टरफलाची पूड, २ चमचे बेडगी मिरचीची भरड, १ चमचा वाळवलेली संत्र्याची साल, १ चमचा पांढरे तीळ, अर्धा चमचा काळे तीळ (कारळे नव्हेत), अर्धा चमचा खसखस आणि विस्तवावर दोन सेकंद शेकून चुरलेली पाव शीट नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद). सगळे चमचे छोटे. तीळ आणि खसखस कोरडी भाजून पूर्ण गार करा, मगच मिसळा, नाहीतर वाफेने नोरी सादळते. घट्ट झाकणाच्या बाटलीत महिनाभर वास टिकतो.